बेल्मिराच्या बाजूची फुलं

दर वर्षी जुलै आला की इडालिनाच्या पोटात दुखायला लागायचं. डॉक्टरला दाखवावं असं ते दुखणं नव्हतं. त्या दुखण्याचं नाव बेल्मिरा होतं, आणि ती इडालिनाची सख्खी धाकटी बहीण होती.

जुलैत गावातल्या पोर्तुगीज लोकांचा पवित्र आत्म्याचा सण असतो. चांदीचा मुकुट चर्चमधून वाजतगाजत हॉलमध्ये येतो, मोठाल्या पातेल्यांत मटणाचं सूप रटरटतं, पुदिना टाकून ते पावावर ओततात आणि दारात जो येईल त्याला पोटभर जेवायला घालतात. मुकुट ज्या वेदीवर ठेवायचा ती फुलांनी मढवावी लागते. ही फुलं कैक वर्षं बेल्मिराच्या घरची. निळी हायड्रेंजिया, एकेक गुच्छ बाळाच्या डोक्याएवढा. सणसमितीच्या प्रमुख फुर्टाडोबाई शुक्रवारी सकाळी गाडी काढायच्या ती थेट उताराखाली बेल्मिराच्या घरी न्यायच्या. वाटेत इडालिनाचं घर लागायचं. तिथे त्या हात हलवायच्या, पण गाडीचा वेग काही कमी करायच्या नाहीत.

झुडपं वेगळी असती, वेगळ्या माणसाने लावली असती, तर इडालिनाने एखाद वेळी सोडूनही दिलं असतं. पण लावली होती दोघींच्या बापाने. पापा पोर्तुगालच्या फायाल बेटावरून इथे अमेरिकेत आले, दुसऱ्याच्या स्ट्रॉबेरीच्या शेतावर राबले, तळ्याकाठी उतरती जमीन घेतली आणि रविवारी रविवारी खपून स्वतःच्या हाताने तिच्यावर दोन घरं उभी केली. हात थकले तेव्हा त्यांनी वरचं, रस्त्यालगतचं घर थोरलीला दिलं आणि तळ्याकडचं धाकटीला. फायालला शेताची हद्द हायड्रेंजियाने आखतात, म्हणून दोन घरांच्या मधे त्यांनी झुडपांच्या दोन ओळी लावल्या. एक या लेकीची, एक त्या लेकीची. एकाच दिवशी लावली, एकाच झाडाच्या फांद्या तोडून लावली. आणि वरच्या ओळीला मुठीएवढी फुलं यायची, ती पण करपलेली. खालची ओळ माणसाच्या डोक्यावर गेली होती.

इडालिनाला फुलांची फार हौस होती असं नाही. तिला एवढंच हवं होतं की पापांनी दोघींना सारखं दिलं, असं एकदा तरी तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं. पापांचा जीव धाकटीवर जास्त होता, हे तिने लहानपणीच मनाशी पक्कं करून टाकलं होतं. त्यांनी चांगली जमीन निवडून बेल्मिराला दिली आणि आपल्या गळ्यात उरलेली बांधली. ती झुडपं दर जुलैला याची साक्ष द्यायला उभी राहायची.

तिने काय केलं नाही? मुळाशी कॉफीचा चोथा घातला. गंजके खिळे पुरले. महागडं खत आणलं. तिचा नवरा गिल फेरीबोटीवरून निवृत्त झालेला, वेळ जात नव्हता. त्याने तिच्या सांगण्यावरून माशांची डोकी पुरली. रॅकूनांनी रात्रीत सगळी उकरली आणि सकाळी एक डोकं पायरीवर आणून ठेवलं.

"ते तुला परत देऊन गेलेत," गिल म्हणाला. "त्यांना पण कळलंय, याने काही होणार नाही."

"तू गप्प बस. बेल्मिरा कधी खत घालताना दिसलीय तुला? पाणी तरी घालते का?"

"नाही."

"मग? जमिनीतच फरक आहे. बघून दिलीय पापांनी."

"बेल्मिरालाच विचार ना, काय करते ते."

इडालिनाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. बेल्मिराला विचारायचं? त्यापेक्षा तिने माशांची आणखी डोकी पुरली असती.

आता बेल्मिरा वाईट होती म्हणावं तर तसंही नव्हतं. नवरा लवकर गेला, मुलगी लांब नोकरीला, आपण बरी की आपलं घर बरं अशी बाई. सणाला फुर्टाडोबाई सगळ्यांसमोर म्हणायच्या, "बेल्मिराच्या हाताला गुण आहे, बापाचा हात तिला आलाय." त्यावर ती नुसती खाली बघायची. तिचं ते खाली बघणं इडालिनाला सगळ्यात जास्त झोंबायचं. कौतुक होतंय तर सरळ हसावं की माणसाने. वर आणि हा नम्रपणाचा आव कशाला?

मग तळं हिरवं पडलं. उन्हाळ्यात त्यावर साय धरायची, कडेला मासे मरून पडायचे, पोरांना पोहायला बंदी झाली. घरोघरच्या सेप्टिक टँकचं पाणी वाळूतून झिरपत तळ्यात जातंय, असं निदान निघालं. आता गाव सगळ्या रस्त्यांखालून ड्रेनेज लाइन टाकणार, प्रत्येक घराने तिला जोडून घ्यायचं आणि जुनी टाकी उपसून, तळ फोडून, वाळूने बुजवून टाकायची. हे समजवायला शाळेच्या हॉलमध्ये एक इंजिनिअर आला होता. इडालिना गेली होती ती फक्त खर्चाला विरोध करायला. ग्रंथालयाचं छप्पर असो की आगीचा बंब, गावसभेत ती प्रत्येक खर्चाच्या विरोधात हात वर करायची.

इंजिनिअर बोलता बोलता म्हणाला, "टाकीतलं पाणी जिथे जमिनीत मुरतं तो शोषखड्डा नेमका कुठे आहे, हे तुमच्यापैकी कित्येकांना माहीत नसेल. अंगणात बघा. जिथे गवत उगाच जास्त तरारलेलं असतं, झाडं माजलेली असतात, तिथे तो असतो."

इडालिना खुर्चीत ताठ झाली.

घरी येईपर्यंत तिने दम धरला. दार लावल्या लावल्या म्हणाली, "गिल, पापांचा हात नाही आणि बापाचा गुण नाही. बेल्मिराच्या फुलांना संडासाचं पाणी मिळतंय."

"काय?"

"इतकी वर्षं फुर्टाडोबाई वेदीवर काय ठेवत होत्या, कळतंय का तुला?" आणि ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. गिललाही हसू आलं, पण बायकोला असं हसताना पाहून तो जरा घाबरलाही.

म्हणजे लाइन आली की टाकी बंद, आणि टाकी बंद की फुलं संपली. वसंतातल्या गावसभेत ठराव मतदानाला आला, तेव्हा इडालिनाने आपलं मतदाराचं कार्ड पहिल्यांदाच होकारासाठी वर केलं. शेजारचे वळून बघायला लागले. तीन ओळी पुढे बेल्मिराचंही कार्ड वर होतं. नुसतं वर नव्हे, हात अगदी ताणून उंच धरलेलं. इडालिनाला तिची कीव आली. बिचारीला कळतही नाही, की ती स्वतःच्याच फुलांच्या मुळावर उठलीय.

रस्ते खणून बुजवेपर्यंत दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांतही फुलं वेदीवर गेली, फुर्टाडोबाईंची गाडी खाली गेली. पण आता इडालिना दारात उभी राहून उलट हात हलवायची, खुशीत. मग शरदात त्यांच्या रस्त्याची पाळी आली. दोन्ही घरांचं काम लायल नावाच्या ठेकेदाराकडे होतं. त्याने आधी वरचं घर घेतलं. घरापासून रस्त्याच्या लाइनपर्यंत नवा पाइप टाकला, टाकीचं झाकण उघडलं, मैल्याची गाडी बोलावून ती उपसली.

"टाकी झाली," लायल म्हणाला. "शोषखड्डा कुठाय तुमचा?"

"असेल इथेच कुठेतरी," इडालिना म्हणाली. "का? त्याचं काय काम?"

"तोही भरायला लागतो, बाई. जुने खड्डे विटांचे रचलेले असतात, आत पोकळ. कधी कुणाच्या पायाखाली बसेल सांगता येत नाही. नकाशा आहे का?"

"वडिलांनी हाताने खणला. त्यांनी कशाला नकाशा काढलाय?"

लायलने टाकीच्या तोंडातून एक लांब लवचीक सळई पाइपात सारली. तिच्या टोकाला आवाज देणारं यंत्र होतं. वरून दुसरं यंत्र हातात धरून तो जमिनीवर त्या आवाजामागे चालायला लागला. परसदार सोडलं. भोपळ्यांचा वाफा सोडला. सरळ हायड्रेंजियाच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिला. म्हणाला, "हा पाइप तुमच्या आणि त्या घराच्या मधे आहे."

इडालिनाच्या डोक्यात जे पेटलं ते क्षणात. कुंपणातून पाइप. दोन घरांच्या मधे पाइप. म्हणजे बेल्मिराच्या घरची घाण आपल्याकडे येत होती! म्हणून आपली झुडपं करपली. चांगली जमीन तिला, फुलं तिला, आणि वर तिचा मैलाही आपल्या अंगणात. पापा, पापा, एवढं सुद्धा?

तिने कुंपणावरूनच हाक मारली, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी. "बेल्मिरा! बाहेर ये! इतकी वर्षं तुझी घाण माझ्या जमिनीत सोडलीस?"

समोरच्या घराची खिडकी उघडली. गिल गॅरेजमधून आला. त्याने टाकीत गेलेल्या सळईकडे पाहिलं, मग उताराकडे, मग बायकोकडे.

"इडा," तो हळूच म्हणाला, "आपण वर आहोत."

"मग?"

"मग पाणी वर कसं चढेल?"

तोवर बेल्मिरा बाहेर आली होती. तिच्या हातात भांडी पुसायचं फडकं होतं. ती सरळ लायलला म्हणाली, "सळई अजून पुढे जाऊ दे. माझ्या बाजूला तिसरं झुडूप आहे ना, त्याच्या बुंध्याशी झाकण आहे. हातभर खाली."

लायलने कुदळ मारली. हातभर खाली सिमेंटचं झाकण निघालं, आणि त्यावर ओल्या सिमेंटमध्ये बोटाने काढलेला क्रूस, पापांच्या सवयीचा. खालून वास आला. तो वास इडालिनाच्या ओळखीचा होता. एप्रिलमध्ये खालून वारा आला की यायचा, आणि बेल्मिरा म्हणायची, तळ्याचा चिखल तापलाय.

दोघी बेल्मिराच्या स्वयंपाकघरात बसल्या. गिलही मागोमाग आला, कारण त्याला राहवलं नाही. बेल्मिराने कॉफी ओतली, गोड पाव कापला. पावाला कुणी हात लावला नाही.

"कधीपासून माहीत होतं तुला?" इडालिनाने विचारलं.

"घरं वाटली त्या दिवसापासून. वरच्या घराच्या जमिनीखाली सगळी चिकणमाती आहे. पापांनी तुझ्याकडे पहिला खड्डा खणला तो वर्षात तुंबला, सगळं उलटून न्हाणीघरात आलं. तू तेव्हा बोस्टनला होतीस. मग त्यांनी पाइप इकडे वळवला. इकडे वाळू आहे."

"आणि मग वरचं घर मला दिलं."

"मोठं होतं, रस्त्याला होतं, तुला तीन मुलं. तुलाच द्यायचं होतं त्यांना. मला बाहेर बोलावून म्हणाले, बेल्मिरा, थोरलीचं पाणी तुझ्या अंगणात येईल. तुला चालेल का?"

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? चालेल म्हटलं. मग त्यांनी झाडं लावली. या झाडांना पाणी फार लागतं, ती पितील म्हणाले. प्यायली बिचारी, पण किती पिणार? एप्रिलमध्ये मला बूट घातल्याशिवाय अंगणात पाऊल टाकता यायचं नाही. तुझ्याकडे नाताळला किती पाहुणे आलेत, ते मला माझ्या अंगणावरून कळायचं."

गिलच्या घशात कॉफी अडकली. तो खोकत खोकत बाहेर गेला, आणि बाहेर जाऊन बराच वेळ हसत असावा.

इडालिना हसली नाही. "मला का नाही सांगितलंस?"

"पापांनी वचन घेतलं होतं. म्हणाले, थोरलीला देता येतं, घेता येत नाही. तिला कळलं तर ती त्या घरात राहणार नाही."

इडालिनाला लाज वाटली, नाही असं नाही. कान तापले तिचे. तीस वर्षं ज्या फुलांकडे बघून ती जळत होती, ती तिच्याच न्हाणीच्या आणि मोरीच्या पाण्यावर वाढली होती. पण खरं सांगायचं तर ती लाज फार टिकली नाही. घरी पोचेपर्यंत तिच्या जागी जुनंच दुखणं परत येऊन बसलं, आधीपेक्षा मोठं होऊन. पापांनी बेल्मिराला बाजूला बोलावलं. तिला विचारलं. एवढी जड गोष्ट तिच्यावर सोपवली आणि बेल्मिरा ती पेलेल याची त्यांना खात्री होती. मला काय, नुसतं घर दिलं. घर काय कुणालाही देतात.

हे तिने गिलला बोलून दाखवलं, तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. "अगं, तिला संडासाचं पाणी दिलं त्यांनी. त्याचाही हेवा करतेस?"

"करते," इडालिना म्हणाली. "तुला नाही कळायचं."

पुढच्या जुलैपर्यंत खालची ओळ निम्म्यावर आली. पानं मलूल, गुच्छ मुठीएवढे. अगदी वरच्या ओळीसारखे. फुर्टाडोबाई खाली गेल्या, दहा फुलं घेऊन परत आल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा वरच्या दारात त्यांनी गाडी उभी केली. "इडालिना, तुझ्याकडची पण दे बाई. यंदा फुलं कमी पडलीत." इडालिनाने कात्री घेतली आणि तोडून दिली. हा दिवस यावा म्हणून तिने कार्ड वर केलं होतं. तो आला, आणि तिला काही म्हणजे काही वाटलं नाही.

हॉलमध्ये सूप वाढताना बायका तेच बोलत होत्या. काय ती पूर्वीची फुलं, काय तो रंग, असली फुलं पुन्हा व्हायची नाहीत. इडालिनाच्या जिभेवर शब्द आले होते. ती फुलं माझी होती. माझ्या घरावर पोसलेली होती. तीस वर्षं वेदीवर माझ्या घरचं जात होतं आणि नाव हिचं होत होतं. पण हे सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं, आणि लोकांच्या पुढ्यात सुपाच्या बश्या होत्या. ती पाव वाटत राहिली.

तेवढ्यात शेजारून बेल्मिरा म्हणाली, "ती फुलं खरं तर इडाच्याच घरची. मी आपली नुसती तोडून द्यायचे."

मग फुर्टाडोबाईंनी छातीवर हात ठेवला. "बघा," त्या म्हणाल्या. "एवढा गुण हाताला, आणि श्रेय बहिणीला देतेय. याला म्हणतात मन."

बेल्मिराने खाली पाहिलं. इडालिनाच्या हातातला पाव चुरगळला. एवढं एक श्रेय तिच्या वाट्याला येत होतं, तेही जाता जाता बेल्मिराच्याच पदरात पडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाण्याची नळी ओढत कुंपणाशी गेली. रात्रभर विचार करून तिने ठरवलं होतं. पापांनी सोपवलेलं धाकटीने इतकी वर्षं निभावलं. आता फुलांना पाणी आपण घालायचं, तिच्या बाजूलाही. एवढं तरी आपल्या वाट्याला यायला हवं. तिने झुडपं बाजूला सारली.

बेल्मिरा अंगणाच्या मधोमध खुर्ची टाकून बसली होती. जिथे एप्रिलमध्ये बूट रुतायचे तिथेच. तिच्या पायात काही नव्हतं. पायाची बोटं कोरड्या गवतात खुपसून ती डोळे मिटून बसली होती.

"तुझ्या बाजूला पाणी मी घालत जाईन," इडालिना म्हणाली. "रोज. फुलं परत पहिल्यासारखी होतील."

"घालू नकोस," बेल्मिराने डोळे न उघडता सांगितलं. "आत्ता कुठे वाळलंय."

"मग झाडं मरतील."

"मरू देत. नाहीतर तू घेऊन जा सगळी. मला ती फुलं कधी आवडलीच नाहीत."

इडालिनाच्या हातातल्या नळीतून पाणी तिच्याच चपलांवर पडत होतं. "कधीच नाही?"

"मला तुझं अंगण आवडायचं. तुझी पोरं तिथे दिवसभर अनवाणी पळायची. माझ्या लेकीला मी दारातून खाली उतरू द्यायचे नाही. ती खिडकीत बसून त्यांना बघायची, आणि मी तिच्या मागे उभी राहून जळायचे. वाटायचं, पापांनी हिला अंगण दिलं आणि मला काय दिलं?"

इडालिनाने नळी खाली टाकली. "तू जळायचीस? माझ्यावर?"

"मग काय. तीस वर्षं."

तिला वाईट वाटायला हवं होतं. पोरीचं ऐकून थोडं वाटलंही. पण त्याच्या खालून एक वेगळाच गारवा वर आला. शेवटी पापांनी दोघींना सारखंच दिलं होतं. अगदी मोजून.

"माझ्याएवढी नसशील जळली," ती म्हणाली.

बेल्मिराने एक डोळा उघडला. बहिणीला वरपासून ओल्या चपलांपर्यंत न्याहाळलं.

"दुसरी खुर्ची गॅरेजमध्ये आहे," ती म्हणाली. "नळी बंद कर, चपला तिकडेच काढ, आणि ये."